नवा अल्बम स्टेजवर फसला, की हॉलने फसवला?

इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे चालणाऱ्या, बँडचा नवा अल्बम आला की पहिल्या आठवड्यात तीन मतं हमखास कानावर येतात. जुनंच बरं होतं. फार गुळगुळीत केलंय. आणि तिसरं, गिगला, म्हणजे लाइव्ह कार्यक्रमाला, ऐकू मग ठरवू. तिसरं मत शहाणपणाचं वाटतं, पण त्यात एक मेख आहे. गिगला आपण गाण्यासोबत हॉलही ऐकत असतो, आणि हॉलचं खापर फुटतं ते नव्या गाण्यांवर. जुनी गाणी त्यातून सुटतात, कारण ती आपल्याला पाठ असतात. ऐकू न आलेली ओळ आपण मनातच भरून काढतो. नव्या गाण्याला ही सवलत नसते.

इंडियन ओशनच्या चाहत्यांमध्ये हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. या बँडचं 'डेझर्ट रेन' हे तर १ जानेवारी १९९७ ला दिल्लीतल्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंगच. मग २००० मध्ये 'कंदीसा' आला आणि पुढच्या प्रत्येक अल्बमला त्याच्याच फुटपट्टीने मोजलं गेलं. डिसेंबर २००९ मध्ये गायक-तबलावादक असीम चक्रवर्ती गेले, २०१३ मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले. त्यानंतर 'असीमचा आवाज नाही' ही तक्रार येणारच होती, आणि ती खरीही आहे. पण २०१४ च्या 'तंदानू'बद्दल 'अल्बममध्ये भरलेलं वाटतं, स्टेजवर रिकामं वाटतं' असं कुणी म्हणालं तर त्याचं उत्तर अल्बमच्या श्रेयनामावलीतच आहे. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट असे पाहुणे त्यात आहेत. ते काही प्रत्येक गावच्या गिगला गाडीत बसून येत नाहीत.

पाहुणे नसले तरी हा फरक राहतोच. स्टुडिओत एकाच गाण्यात चाळीस-पन्नास ट्रॅक सहज होतात. तीच गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवलेली, गायकाचाच आवाज तीन पट्ट्यांत कोरससारखा. स्टेजवर माणसं चार किंवा पाच. मग बँडपुढे दोनच वाटा उरतात. एक तर उरलेले थर लॅपटॉपवरून सोडायचे आणि ड्रमरने कानात क्लिक (ताल धरायची ठकठक) लावून त्याला धरून वाजवायचं, नाहीतर गाण्याची नव्याने मांडणी करायची. पहिल्या वाटेत गाणं अल्बमसारखं ऐकू येतं, पण जागेवरून हलत नाही. गायकाला एक कडवं लांबवावंसं वाटलं तरी ट्रॅक थांबत नाही, आणि ड्रमरच्या कानातला क्लिक गेला की चार मात्रांत सगळं विस्कटतं. दुसऱ्या वाटेत पहिल्या काही गिगांना गाणं हडकुळं वाटतं. मला दुसरीच वाट पसंत आहे. दौऱ्याच्या शेवटाकडे तेच गाणं अल्बमपेक्षा चांगलं झालेलं असतं, पण तोवर पहिल्या गिगवरून झालेली मतं पक्की होऊन बसलेली असतात.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती आवाजाची: गायक ऐकूच आला नाही. इथे जरा थांबायला हवं, कारण याचा दोष बहुतेक वेळा साउंडवाल्याला दिला जातो आणि तो बहुतेक वेळा त्याचा नसतो.

इंडी गायक हळू गातात. स्टुडिओत बंद खोलीत, चांगल्या कंडेन्सर माइकसमोर कुजबुजलं तरी चालतं. क्लबमध्ये त्याच गायकाच्या मागे दोन-तीन मीटरवर ड्रमसेट असतो, आणि छोट्या खोलीत नुसता ड्रमसेटच १०० डेसिबलच्या आसपास जातो. बाकी सगळ्यांना त्याच्या वर चढावं लागतं. गायकाचा माइक वाढवला की त्याच माइकमधून झांजाही वाढतात. अजून वाढवला की समोरच्या मॉनिटरमधला (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधला) आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. म्हणजे फेडर (मिक्सरवरची आवाज वाढवायची पट्टी) कितीही वर नेला तरी एका मर्यादेपुढे हाती फक्त गोंगाट येतो. उपाय असतात ते स्टेजवरच: ओठ माइकपासून दोन बोटांवर ठेवणं, जड झांजांऐवजी पातळ आणि लहान झांजा लावणं, गिटारचा ॲम्प प्रेक्षकांकडे न रोखता आडवा वळवणं, मॉनिटर काढून टाकून कानातले इन-इअर घेणं. शुअर एसएम ५८ सारखा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच ऐकणारा, माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीशी ठेवायचा. सुपरकार्डिऑइड (समोरून त्याहून अरुंद ऐकणारा) असेल तर मॉनिटर मागच्या बाजूला पण तिरका, साधारण १२० अंशांवर. आणि गायकाने रॅपरसारखी माइकची जाळी मुठीत धरली की ही सगळी मांडणी वाया जाते, कारण जाळी झाकली की माइकची दिशाच हरवते आणि तो चहूबाजूंनी ऐकू लागतो.

तबला किंवा अकूस्टिक गिटार असलेल्या बँडांचा त्रास वेगळाच. ड्रमसेटच्या शेजारी तबला हे तसं अवघड लग्न. तबल्याचे माइक उघडे ठेवले की त्यांत तबल्यापेक्षा ड्रमच जास्त शिरतात. त्यात मुंबईची हवा. दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो, एसी जोरात असला की पुडी ताणली जाते आणि सूर चढतो. साउंडचेकला रिकाम्या थंड हॉलमध्ये लावलेला तबला रात्री भरलेल्या हॉलमध्ये जागेवर असेल याची खात्री नसते. दोन गाण्यांमधला हातोडीचा खेळ त्यासाठीच असतो, कुरकुरू नका.

गुणगुण ऐकू आली तर ती बहुधा ५० हर्ट्झची, विजेचीच असते. कीबोर्डची पॉवर एका बोर्डवरून आणि मिक्सरची दुसऱ्यावरून घेतली की अर्थिंगचा लूप तयार होतो. त्यावर डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण आहे. प्लगची अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे. गिटार हातात असलेल्या गायकाच्या ओठांना माइकचा शॉक बसतो तो अशानेच.

साउंडचेकचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा: किक, स्नेअर, हायहॅट, टॉम हे ड्रमसेटचे भाग, मग बास, गिटार, कीबोर्ड आणि शेवटी गायक. म्हणजे वेळ संपत आला की कापला जातो तो गायकाचा वेळ. फेस्टिवलला तर साउंडचेकच नसतो. दोन बँडांच्या मधल्या वीसेक मिनिटांत नुसता लाइन चेक होतो, म्हणजे प्रत्येक केबलमधून आवाज येतोय एवढंच पाहिलं जातं. खरं मिक्सिंग पहिल्या गाण्यात चालू असतं. जाणते बँड म्हणून सुरुवात जुन्या, रेटून वाजवायच्या गाण्याने करतात. नव्या अल्बमचं नाजूक गाणं पहिलंच ठेवणारा बँड हिंमतवान खरा, पण त्या गाण्यावरून मत बनवू नका.

उघड्या मैदानावर आणखी एक अडचण. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाला ही अडचण नसते, पुण्या-मुंबईच्या मैदानांना असते. पहिला बँड उशिरा चढला की ती वीस मिनिटं शेवटच्या बँडच्या यादीतून जातात, आणि कापली जातात ती नवी गाणी, कारण जुनी गाळली तर लोक ओरडतात. नव्या अल्बमसाठीच जाणार असाल तर फेस्टिवलपेक्षा क्लबचं तिकीट काढा.

उभं कुठे राहायचं? स्टेजला चिकटून नको. तिथे ड्रम आणि ॲम्प थेट ऐकू येतात, मुख्य स्पीकर मात्र बाजूला किंवा डोक्यावरून जातात, त्यामुळे गायक हरवतो. मागच्या भिंतीलाही टेकू नका. ४० हर्ट्झच्या स्वराची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, आणि असा बास भिंतीपाशी आणि कोपऱ्यात साचतो. साउंडवाल्याच्या कन्सोलच्या, म्हणजे मिक्सरच्या, थोडं पुढे, मध्यापासून एखाद-दोन पावलं बाजूला, ही जागा बहुतेक ठिकाणी उत्तम, कारण तो जे ऐकून मिक्स करतोय तेच तुम्हाला मिळतं.

कानांचं म्हणाल तर १०० डेसिबलला १५ मिनिटं हीच व्यावसायिक आरोग्यवाल्यांची दिवसाची मर्यादा आहे, आणि गिग दीड तासाचा. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे चालतात, पण ते वरचे स्वर जास्त खातात, मग झांजा आणि शब्द बोथट होतात. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग सगळं सारख्या प्रमाणात खाली आणतात. नवी गाणी नीट ऐकायची असतील तर हेच घ्या.

घरी ऐकताना एक लक्षात असू द्या: स्पॉटिफायवर ३० सेकंदांच्या आत पुढे ढकललेलं गाणं मोजलंच जात नाही. शिवाय २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही. छोट्या बँडच्या अल्बममधली शेवटची दोन-तीन गाणी नेमकी इथे अडकतात. त्यामुळे अल्बम शेवटपर्यंत वाजू द्या, आवडला नाही तरी.

आणि फोनवरच्या क्लिपवरून तर मत बनवूच नका. गिगच्या आवाजाला फोनचा माइक फाटतो, मग फोन आपोआप सगळं दाबतो. बास फुटका, झांजा खरखरीत, आणि गायकापेक्षा शेजारी उभा राहून गाणारा भिडू मोठा.