एक रात्र, दोन जेवणे : आमची वाटचाल

पुण्यात एका जिन्याखालच्या गाळ्यात आम्ही पती-पत्नींनी सहलींचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा पाटीवर अष्टविनायक, कोकण आणि चारधाम एवढीच नावे होती. जपान त्या पाटीवर आले ते ग्राहकांमुळे. रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जपानी शिकून तिकडे नोकरीला गेलेल्या मुलांचे आई-वडील विमानाची तिकिटे आमच्याकडून काढत असत आणि परत आल्यावर एकच तक्रार करत, की मुलाला रजा नव्हती, त्यामुळे टोकियोतील गर्दी तेवढी पाहून झाली. आपल्या वयाच्या माणसांना निवांतपणे जपान दाखवणारे कोणी आहे का, असे तीन-चार जणांनी विचारल्यावर आम्ही दोघे आधी स्वतः जाऊन आलो.

फुजी पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, यामानाशी प्रांतात, पाच सरोवरे आहेत. त्यांपैकी कावागुची सरोवर टोकियोहून सर्वांत सोयीचे; शिंजुकूहून निघालेली बस रस्ता मोकळा असल्यास दोन तासांच्या आत तेथे पोहोचते. त्या दिवशी रस्ता मोकळा नव्हता. सरोवराकाठच्या र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या निवासात, साडेसहाला जेवण ठरलेले असताना आम्ही साडेसातला पोहोचलो, आणि उशीर होत असल्यास फोन करावा हा साधा शिष्टाचारही आम्हाला माहीत नव्हता. मालकीणबाई, ज्यांना तेथे ‘ओकामी’ म्हणतात, दारात उभ्या होत्या. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत आणि त्यामुळेच आम्हाला अधिक ओशाळे वाटले.

त्या रात्री आमच्या हातून चुकाही पुष्कळ झाल्या. चपला दारात काढून घरातल्या सपाता घालायच्या, तातामीच्या चटईवर त्याही काढायच्या आणि शौचालयासाठी ठेवलेल्या वेगळ्या सपाता तेथेच सोडून यायचे, हा क्रम मी दोनदा चुकवला. युकाता हा सुती झगा मी उजवी बाजू वर घेऊन नेसलो, तेव्हा जेवण वाढणाऱ्या बाईंनी अगदी हळू आवाजात ती बदलायला सांगितली, कारण तशी बाजू फक्त प्रेताला नेसवतात. जेवून परत येईपर्यंत खोलीतले बुटके मेज भिंतीकडे सरकले होते आणि त्या जागी फुतोनच्या गाद्या अंथरलेल्या होत्या. पहाटे पत्नीने मला उठवले. समोर, पाण्यापलीकडे, ३,७७६ मीटर उंचीचा तो डोंगर पूर्ण उघडा होता. अर्ध्या तासात ढग आले आणि तो पुसला गेला.

परतीच्या प्रवासात आमचे बोलणे एकाच गोष्टीवर झाले. बहुतेक सहलींमध्ये फुजी म्हणजे टोकियोहून सकाळी नेऊन, छायाचित्रे काढून, संध्याकाळी परत आणण्याचे ठिकाण असते. आपण मात्र दुपारी तीनला खोली ताब्यात मिळाल्यापासून दुसऱ्या दिवशी दहाला सोडेपर्यंतचे एकोणीस तास मध्ये ठेवायचे आणि उरलेली सहल त्यांच्याभोवती बांधायची, असे ठरले.

हे ठरवणे सोपे होते, विकणे अवघड. र्‍योकानचा दर खोलीला नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. ‘एक रात्र, दोन जेवणे’ असाच तेथला शब्दप्रयोग आहे. एका खोलीत चौघे राहिले तर स्वस्त पडेल, या हिशेबाची सवय असलेल्या ग्राहकांना हे पटवताना मी अनेकदा हरलो. पहिल्या गटात चौदा जण मिळाले आणि त्या सहलीत आम्हाला चक्क तोटा झाला.

पैशांपेक्षा त्या गटातले जेवण मला अधिक लागले. चौदांपैकी सहा जण शाकाहारी होते आणि टोकियोतील मध्यस्थाने ‘सर्व कळवले आहे’ असे आम्हाला लिहून दिले होते. मासे आणि मांस ताटात खरोखरच नव्हते. पण जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हा रस, आणि तो बहुधा कोंबू या समुद्री शेवाळाबरोबर सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, तेंपुराबरोबरची आमटीसारखी वाटी, सर्वांत तो असतो. एका आजींना वास आला, त्यांनी विचारले आणि वाढणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे खरे ते सांगितले. आजींनी वाटी शांतपणे बाजूला ठेवली, पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली आणि सगळ्या शाकाहारी मंडळींनी मेतकूट-भात खाल्ला. ओकामींनी चिमूटभर मेतकूट तळहातावर मागून घेतले, वास घेतला आणि त्यात काय काय आहे ते दुभाष्याकडून लिहून घेतले. दोष मात्र आमचा होता, कारण ‘शाकाहारी’ हा एक शब्द पाठवून आम्ही निर्धास्त झालो होतो.

त्यानंतर मध्यस्थ सुटला. रानडेमध्ये शिकलेल्या एक ताई आमच्याकडे अर्धवेळ काम करू लागल्या आणि त्यांनी प्रत्येक ग्राहकासाठी जपानीतून एक पत्रक तयार केले, ज्यात मासा नको एवढेच न लिहिता माशाचा रसही नको, कोंबू आणि वाळलेल्या शिताके अळंबीचा रस चालेल, अंडे चालेल की नाही, हे वेगवेगळे लिहिलेले असते. ते तीन आठवडे आधी जाते. मोठ्या बॅगा टोकियोहून परस्पर क्योतोच्या हॉटेलकडे कुरियरने पाठवतो, म्हणजे एका रात्रीपुरती लहान पिशवी घेऊन लोक सरोवराकाठी येतात आणि तातामीवरून चाके ओढण्याचा प्रश्नच उरत नाही.

ओन्सेनचा, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानाचा, प्रश्न वेगळाच होता. वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडे आणि कोकणातली उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आपल्याला परकी नाहीत, पण तेथे अंगावर वस्त्र असते. जपानात स्त्री-पुरुषांची स्नानगृहे वेगळी असली, तरी आधी अंग स्वच्छ धुऊन विवस्त्र उतरावे लागते. आमच्या बहुतेक महिला ग्राहक नकार देत. आता आम्ही तासाभरासाठी आरक्षित करता येणारे खासगी कुंड आधीच मागून ठेवतो, आणि सहसा संध्याकाळी नको म्हणणारेच पहाटे पुन्हा वेळ मागतात.

२०२० मध्ये जपानच्या सीमा बंद झाल्या आणि स्वतंत्र पर्यटकांसाठी त्या ११ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा उघडल्या. मधल्या काळात गाळ्याचे भाडे आम्ही अष्टविनायकाच्या गाड्यांवर आणि दिवाळीच्या फराळाच्या पार्सलांवर भागवले. र्‍योकानने आमची आगाऊ रक्कम विनाकपात परत केली होती, म्हणून सीमा उघडल्यानंतरचा पहिला गट तेथेच न्यायचा हे ठरलेले होते.

सहल आम्ही शक्यतो नोव्हेंबरमध्ये काढतो, कारण तेव्हा सरोवराकाठचे मेपल लाल झालेले असतात आणि उन्हाळ्यापेक्षा आकाश स्वच्छ असते. तरीही फुजी दिसेल असे आमच्या माहितीपत्रकात कोठेही लिहिलेले नाही. येत्या गटात अकरा जण आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्या चौघांसाठी खुर्ची-टेबलाची आणि पलंगाची खोली मिळाली आहे. दोन ग्राहक जैन असल्यामुळे कांदा, लसूण आणि सर्व कंदमुळे वर्ज्य असल्याचे पत्रक ताईंनी गेल्या आठवड्यात पाठवले. मुळा, गाजर, कमळकाकडी आणि गोबोचे मूळ वगळल्यावर लोणच्याच्या वाटीत नेमके काय वाढू, असा ओकामींचा उलट प्रश्न आला आहे. काकडी चालेल, असे उत्तर आज लिहिले.