तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओचं एवढं काय कौतुक?

हवाई युद्धांबद्दल मी लिहितो, बोलतो, तेव्हा हा प्रश्न हटकून येतो: लढाऊ विमानाचा वेग आणि तोफा यांपुढे रेडिओचं एवढं काय कौतुक?

माझ्या मते कौतुक करावं तेवढं थोडं. पाडल्या गेलेल्या बहुतेक वैमानिकांना मारणारा दिसलाच नव्हता. तो मागून यायचा, बऱ्याचदा सूर्याच्या आडून. अशा वेळी सोबत्याने रेडिओवरून वेळेवर दिलेली हाक हाच एक आधार. पहिल्या महायुद्धात तीही सोय नव्हती. पंख हलवायचे, हातवारे करायचे, रंगीत फ्लेअर उडवायचे. सोबत्याचं लक्ष असलं तर ठीक. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या झिरो विमानात रेडिओ होता, पण इंजिनाच्या खरखरीत काही ऐकूच येईना. काही वैमानिकांनी तो काढूनच टाकला, तेवढंच वजन कमी! इतकं चपळ विमान, आणि प्रत्येक जण आपापल्या कॉकपिटमध्ये एकटा. मला याचं फार वाईट वाटतं.

रेडिओमुळे फॉर्मेशनही, म्हणजे विमानांची एकत्र उडायची रचनाही, बदलली. लीडरला चिकटून उडणाऱ्याची नजर टक्कर टाळण्यातच गुंतून राहते. स्पेनच्या यादवी युद्धात वर्नर मोल्डर्स आणि इतर जर्मन वैमानिकांनी चार विमानं ऐसपैस अंतरावर उडवायला सुरुवात केली. बोलता येत होतं म्हणून लांब राहणं परवडलं, आणि चौघांनाही आकाश धुंडाळायला उसंत मिळाली.

१९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात रेडिओला आणखी एक काम लागलं. शत्रू कुठे आहे ते रडार आणि जमिनीवरचे निरीक्षक सांगत. पण आपली विमानं कुठे आहेत? त्यासाठी ‘पिप-स्क्वीक’ होतं. स्क्वाड्रनमधल्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीतल्या, एका विमानाचा रेडिओ दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप संकेत सोडायचा, त्यावरून जमिनीवरची केंद्रं जागा काढायची. तेवढा वेळ त्या वैमानिकाला बोलता येत नसे. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या आठ मशीनगन सलग चालवल्या तर सगळ्या गोळ्या साधारण १५ सेकंदांत संपत, यावरून १४ सेकंद म्हणजे किती ते बघा.

शिवाय चॅनेल एकच, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. म्हणून शब्द तोडके: ‘एंजल्स फिफ्टीन’ म्हणजे उंची १५,००० फूट, ‘बँडिट’ म्हणजे शत्रूचं विमान. नाव न घेता कुणी नुसतं "मागे बघ!" ओरडलं, तर ऐकणारा प्रत्येक जण वळणार. आणि कुणाचं बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं, तर सगळ्या स्क्वाड्रनचा चॅनेल अडायचा. शत्रू दिसला तरी सांगायची सोय नाही.