बीएडची आंतरवासिता: पाठ होतात, निरीक्षण अडतं

बीएडच्या दुसऱ्या वर्षातले आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाचे, १६ आठवडे संपले, फाइली जमा झाल्या, बाह्य परीक्षकांसमोर तोंडीही झाली. पण पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याच्या, मागच्या पानावर ‘निरीक्षकाचा अभिप्राय’ असा एक रकाना असतो, त्याचा राग अजून उतरलेला नाही. मराठवाड्यातल्या शाळांमध्ये पुढच्या सत्रात जे पाठ घ्यायला जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रवेशाची सीईटी, कॅप फेऱ्या, कागदपत्रांची पडताळणी यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सूक्ष्म अध्यापनाबद्दल (एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाबद्दल) एवढंच, की सहा मिनिटांच्या पाठात एकच कौशल्य दाखवा. फलकलेखनाच्या पाठात प्रश्नांची सरबत्ती केली की दोन्हींचे गुण जातात.

आधी नियम नीट समजून घ्या, कारण शाळेत तो कुणी समजावून सांगत नाही. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीनं बीएड एका वर्षाचं दोन वर्षांचं केलं. त्यात शाळेतले २० आठवडे आहेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हजेरी कॉलेजातल्या कामाला ८० टक्के लागते, आंतरवासितेला ९० टक्के. सहावी ते आठवी आणि नववी-दहावी असे दोन्ही स्तर मागून घ्या. दहावीचा वर्ग बहुतेक मुख्याध्यापक हातात देत नाहीत, तिथे हट्ट करू नका, नववी मागा. पहिली ते पाचवीचे तास देऊ केले तर नम्रपणे नाही म्हणा. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांच्या नोकरीला बीएड चालत नाही, आणि आपण बीएडला निवडलेल्या अध्यापन पद्धतीच्या विषयाचे पाठही तिथे होत नाहीत.

आता खरी अडचण. पाठ घ्यायला वर्ग मिळतात, उलट नको इतके मिळतात. शाळेत दोन-तीन जागा रिकाम्या, त्यात छात्राध्यापक, म्हणजे आपण बीएडवाले, आले की त्यांना बदली तासांवर पाठवायची सोय होते. सकाळी इतिहास, मधल्या सुट्टीनंतर इंग्रजी, शेवटी सातवीला नुसतं गप्प बसवणं. हे सगळे तास हजेरीत धरले जातात, पण पाठ म्हणून धरले जात नाहीत. पाठ म्हणून तोच तास धरला जातो ज्याचं टाचण आधी तपासलेलं आहे, ज्याला कुणीतरी मागे बसलं आहे आणि ज्यावर त्याच दिवशीच्या तारखेचा अभिप्राय आहे. कॉलेजचे प्राध्यापक तीन-चार तालुक्यांतल्या शाळा सांभाळतात, त्यामुळे ते अधूनमधूनच येतात. उरतात शाळेतले मार्गदर्शक शिक्षक. आणि आपण वर्गावर गेलो की नेमकी त्याच वेळी त्यांना दुसरी कामं लावली जातात: यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी, पोषण आहाराची नोंद, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार यादी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं लावू देत नाही, पण त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना सूट आहे, म्हणून बीएलओच्या कामाला त्यांना नाही म्हणता येत नाही. बाकीची कामं त्या तासात करण्याचं काही कारण नाही, पण वर्गावर माणूस आहे म्हटल्यावर ऑफिसातून बोलावणं येतंच.

मग शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्यानं सह्या होतात. पानोपानी ‘छान’, ‘उत्तम’, ‘वर्गनियंत्रण चांगले’. यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. छात्राध्यापकाचा पाठ बघायचा वेळ त्यांच्या वेळापत्रकात कुठेच धरलेला नाही, त्याचं मानधन नाही, आणि पाठ कसा बघायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

निरीक्षणानं काय फरक पडतो, ते आठवीच्या गणितातल्या ‘चलन’ या घटकावरून सांगते. व्यस्त चलनासाठी कापूस वेचणीचं उदाहरण आपल्याकडे चांगलं चालतं: मजूर वाढले की दिवस कमी. फळ्यावर लिहिलं, ४ मजूर ६ दिवस, ६ मजूर ४ दिवस. मुलं माना डोलावतात, पुढचं गणितही सोडवतात, शिकवणाऱ्याला वाटतं जमलं. मागच्या बाकाशेजारी बसलेल्या शिक्षकाला मात्र वहीत दिसतं, की लेकरांनी गुणाकार स्थिर धरलेलाच नाही, बेरीज धरली आहे. ४ आणि ६ दहा, ६ आणि ४ दहा. म्हणून ५ मजुरांना ती ५ दिवस लिहितात. दोष उदाहरणातल्या आकड्यांचा आहे. तिसरी जोडी ३ मजूर ८ दिवस अशी घेतली की बेरीज ११ होते, गुणाकार २४ च राहतो, आणि मग ५ मजुरांना ४.८ दिवस का, हे मुलांनाच सांगता येतं. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या नव्या शिक्षकाला हे दिसू शकत नाही. ‘छान’ या शेऱ्यातून तर कधीच कळणार नाही.

म्हणून निरीक्षण मिळवण्याची तजवीज पहिल्याच आठवड्यात करा. शाळेचं वेळापत्रक उतरवून घ्या आणि मार्गदर्शक शिक्षकांच्या मोकळ्या तासांवर खूण करा. त्यांचा मोकळा तास आणि आपला पाठ एकाच वेळी कधीही ठेवू नका, तो एकच तास त्यांना दम घ्यायला असतो. पाठ त्यांच्या स्वतःच्या विषयाच्या तासालाच घ्या, म्हणजे त्या वेळी ते वर्गावर असणं अपेक्षितच असतं. पहिला तास टाळा, परिपाठ लांबला की ३५ मिनिटांची २५ होतात. टाचण आदल्या दिवशी शाळा सुटायच्या आधी द्या. सकाळी दिलेलं टाचण वाचलं जात नाही, त्यावर फक्त सही होते.

आणि पूर्ण तास बसा असं म्हणू नका. दहा मिनिटं मागा, आणि त्या दहा मिनिटांत एकच गोष्ट बघायला सांगा. कोऱ्या कागदावर बाकांचा आराखडा काढून द्या आणि ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या जागेवर रेघ मारायला सांगा. सगळ्या रेघा पुढच्या दोन रांगांत आणि मुलग्यांच्याच बाजूला पडलेल्या दिसल्या, तर वेगळ्या अभिप्रायाची गरजच राहत नाही. दुसऱ्या पाठाला प्रश्न विचारल्यावर किती थांबलो ते मोजायला सांगा. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं आहे. हा कागद टाचणाला टाचून ठेवा. तोंडी परीक्षेत या कागदांवरच नीट चर्चा होते, रंगीत तक्त्यांकडे कुणी फार वेळ बघत नाही. मार्गदर्शक शिक्षक खरंच अडकलेले असतील तर सहकारी छात्राध्यापकाला बसवा. त्याची सही गुणांसाठी चालत नसली तरी आराखड्यावरच्या रेघा खऱ्या असतात.

शिक्षक कसा घडवावा यावरची सगळी चर्चा अभ्यासक्रम किती वर्षांचा याभोवतीच फिरते, म्हणून हा राग जास्त आहे. महाराष्ट्रातल्या डीएड कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयानं न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला, त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला, आणि प्रशिक्षणाचा काळ वाढला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता ठरवली. एनसीटीईच्या २०२५ च्या मसुद्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी एका वर्षाचं बीएड पुन्हा आलं. एक, दोन, चार, पुन्हा एक. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्याला निदान दोन तास निरीक्षणासाठी मोकळे द्या, त्याच्या अभिप्रायाला गुणांत खरं वजन द्या, असं झालं तर माझ्या मते एका वर्षाचा अभ्यासक्रमही पुष्कळ काम करेल. ते होणार नसेल तर चौथ्या वर्षाच्या फाइलीतही ‘छान’च लिहिलेलं असेल.

राहिलेल्या काही गोष्टी. कृतिसंशोधन (वर्गातल्या एखाद्या अडचणीवर उपाय करून आधी आणि नंतर चाचणी घेणं) आणि घटक चाचणी दिवाळीच्या आधी उरका. बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत ऊसतोडीला कुटुंबं निघाली की पट तोच राहतो, पण बाक रिकामे होतात. पूर्वचाचणीची मुलं उत्तरचाचणीला नसतात आणि तुलना करता येत नाही. गावात हंगामी वसतिगृह (ऊसतोडीच्या काळात मुलांना गावातच ठेवणारं) सुरू होणार असेल तर कोणती मुलं मागे राहणार ते वर्गशिक्षकांकडून आधीच विचारून घ्या आणि नमुना त्यांच्यातूनच निवडा. पोळा, गणपती, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आणि पहिल्या सत्राची परीक्षा, या सगळ्यांच्या आसपासचे दिवस पाठांच्या हिशेबात धरू नका. तांड्यावरच्या मुलांसाठी, किंवा नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे घरी तेलुगू बोलणाऱ्यांसाठी, टाचणात पाठातल्या पाच-सहा नव्या शब्दांची वेगळी ओळ ठेवा आणि ते शब्द प्रस्तावनेतच फळ्यावर घ्या.

अनुभव प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का झाला की काम संपलं असं समजू नका. जावक क्रमांक आणि तारीख बघा. तो क्रमांक लिपिक टाकतात, आणि सत्राच्या अखेरीस ते पगारबिलांत गुंतलेले असतात, म्हणून प्रमाणपत्राचा मसुदा पंधराव्या आठवड्यातच त्यांच्या टेबलावर ठेवा.