आमची वाटचाल : मागाच्या शेडपासून जेट इंजिनाच्या पावसापर्यंत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याची पहिली नोझलं, म्हणजे पाण्याचा फवारा सोडणारी तोंडं, यंत्रमागाच्या शेडसाठी होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सुती ताणा तटातट तुटतो, म्हणून तिथं धुक्यासारखा फवारा लागतो. मग साखर कारखान्यांच्या स्प्रे पाँडची, म्हणजे गरम पाणी फवारून गार करायच्या तळ्यांची, कामं आली. तिथं उलट, थेंब जाड हवा, नाहीतर पाणी वाऱ्यावर जातं. थेंबाचा आकार सांभाळणं हाच आमचा खरा धंदा. पावसात जेट इंजिन कसं चालतं हे त्याच्या कॉम्प्रेसरवर, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागावर, पाणी मारून बघायच्या चाचणीसाठी नोझलांची मागणी आली, ती त्याच जोरावर.

कॉम्प्रेसरमध्ये शिरलेले मोठे थेंब फिरत्या पात्यांवर आपटून बाहेर फेकले जातात आणि केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, आतून पाण्याचा थर धरतो. ते पाणी ढकलण्यात ताकद वाया जाते. पुढं वाफ होऊ लागली की हवा थंड पडते. हवेच्या किलोमागे ४० ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ झाली, तर तापमान ९० ते १०० अंशांनी उतरतं! कॉम्प्रेसरच्या पुढच्या आणि मागच्या टप्प्यांचा मेळ बिघडतो, सर्जचा, म्हणजे हवा उलटी फिरण्याचा, धोका वाढतो. केसिंग गार होऊन आकसलं तर पात्यांची टोकं घासतात. उरलेलं पाणी ज्वलनकक्षात पोचलं तर ज्योतच विझू शकते. २४ मे १९८८ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ टाका एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ची दोन्ही इंजिनं पाऊस-गारांत बंद पडली. विमान बांधालगतच्या गवतावर उतरलं आणि सगळे वाचले.

अमेरिकी नियमात या चाचणीच्या पावसाचा मध्यम थेंब २.६६ मिलिमीटरचा धरलाय. असा थेंब टिकवणं अवघड. हवेच्या आणि त्याच्या वेगात सेकंदाला १६-१७ मीटरपेक्षा जास्त फरक पडला की तो फुटतो. म्हणून नोझलाचं तोंड हवा जाते त्या दिशेनंच ठेवायचं आणि पाण्याचा वेग हवेच्या जवळ आणायचा. पाणी वाढवायला दाब वाढवू नये. दुप्पट दाबाला पाणी १.४ पटच येतं आणि थेंब मात्र बारीक होतात. त्यापेक्षा नोझलं वाढवावीत.

पाणी क्षारमुक्तच हवं. इथल्या बोअरच्या पाण्यानं भोकात क्षार बसतात आणि फवारा एका अंगाला झुकतो. झीजही तितकीच वाईट : व्यास ५ टक्के वाढला की पाणी १० टक्के जास्त जातं. त्यामुळे प्रत्येक नोझल ठरलेल्या दाबाला एक मिनिट चालवून आम्ही पाणी काट्यावर तोलतो आणि तो आकडा नोझलावर कोरूनच माल पाठवतो.