निरगाठ

2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी आमच्या गोठ्यात शिरले, त्या रात्रीविषयी पुढची जवळजवळ चार वर्षे मी कोणाशीही नीट बोललो नव्हतो. आमचे गाव निपाणी भागातले, नदीकाठचे. वर भुदरगडच्या डोंगरात पाऊस कोसळू लागला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मळ्या पाण्याखाली जातात, हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे त्या वर्षीही कोणी फारसे घाबरले नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास पाणी कमरेला लागले. लकव्यामुळे आप्पांना चालता येत नव्हते. त्यांना पाठुंगळी घेऊन मी मारुतीच्या देवळाकडे निघालो आणि जाता जाता म्हशीचे दावे सोडण्याचा प्रयत्न केला. दोर भिजून फुगला होता, म्हशीने ओढून ओढून गाठीची निरगाठ केली होती आणि विळा कुठे आहे ते अंधारात दिसत नव्हते. मी तसाच पुढे गेलो. म्हैस पंढरपुरी जातीची होती, पाठीपर्यंत गेलेल्या लांब शिंगांची. पाणी ओसरल्यावर ती त्याच खुंट्याला आढळली.

त्या पुरात लोकांची घरे गेली, उभा ऊस कुजला, आणि बेळगावात एका शाळेत शिक्षक असलेला मी एका म्हशीपायी झोप गमावून बसलो होतो. हे सांगायचीच मला लाज वाटत असे. पत्र्यावर पावसाचा आवाज आला की मी उठून बसत असे. ती नुसती आठवण नव्हती, कारण आठवण येते तेव्हा ती जुनी आहे हे माणसाला ठाऊक असते. मला मात्र पायांना पाणी लागल्याचे जाणवत असे. गावाकडे जाणे मी हळूहळू बंद केले, आणि कारण विचारले की शाळेचे काम पुढे करत असे. वर्गात मुलांवर विनाकारण चिडत असे. घरच्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्माला नेऊन आणले, एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागली, परंतु पावसाळा आला की सारे पुन्हा तेथेच.

टेलिमानस या मानसिक आरोग्याविषयीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला. तो पत्नीने शोधून काढला आणि मी नाखुशीने लावला. पलीकडच्या व्यक्तीने मराठीत सर्व ऐकून घेतले आणि प्रत्यक्ष भेटून उपचार घेण्याचा सल्ला दिला. अशा रीतीने 2023 च्या उन्हाळ्यात मी एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंसमोर जाऊन बसलो. त्यांची मातृभाषा कन्नड, मराठी मात्र आपल्या बेळगावकडची, अगदी सफाईदार.

त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की हे काम बारा भेटींचे आहे. मला ते ऐकून किंचित अपमान वाटला; चार वर्षांचे दुखणे बारा तासांत आटोपायचे, म्हणजे ते इतके हलके होते काय? त्यांचे उत्तर मला आजही पटते. भयंकर प्रसंगानंतर पहिले काही आठवडे बहुतेकांना असाच त्रास होतो आणि बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. महिना उलटल्यावरही जो ओसरत नाही, त्यालाच आघातोत्तर तणावाचा विकार म्हणतात, आणि तज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याला हे स्वतंत्र नाव मिळाले ते 1980 मध्ये. तेव्हा बरे होण्याची क्रिया नव्याने घडवायची नसते, ती कोठे अडकली आहे ते शोधायचे असते. बाई वापरत होत्या ती पद्धत (इंग्रजीत कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांनी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसोबत काम करताना विकसित केली, आणि तिच्यात बरे होणे अडवणाऱ्या विचारांना चक्क ‘अडकलेल्या जागा’ असेच म्हणतात.

पहिला गृहपाठ असा होता की हा प्रसंग का घडला असे मला वाटते आणि त्यामुळे स्वतःविषयी, माणसांविषयी, जगाविषयी माझे काय मत झाले, ते लिहायचे. मी चार पाने लिहिली. बाईंनी ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि मग एका वाक्याखाली रेघ ओढायला सांगितली: ‘मुके जनावर बांधून मारले, त्याचे फळ भोगतो आहे.’ पुढच्या चार-पाच भेटी आम्ही जवळजवळ याच वाक्यावर घालवल्या.

येथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळली नसती. ‘करावे तसे भरावे’ हे आम्ही शाळेत फळ्यावर लिहितो. जगात न्याय आहे, चांगल्याचे चांगले होते, ही श्रद्धा त्या म्हणीत आहे. आणि ज्याच्यावर काही वाईट ओढवते तो तीच म्हण उलटी वाचतो, की ज्या अर्थी भरावे लागले त्या अर्थी आपण काहीतरी केलेच असले पाहिजे. बाईंनी म्हणीला नावे ठेवली नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘सर, शेजारच्यांचे घर पडले. त्यांनी काय केले होते?’ मला उत्तर देता आले नाही.

शब्दांचाही प्रश्न होता. बाई कधी कधी ओघात ‘तप्पु’ म्हणत आणि मग थांबून विचारत की मराठीत याला तुम्ही काय म्हणाल. आपल्याकडे चूक वेगळी, दोष वेगळा, गुन्हा वेगळा. चूक म्हणजे त्या वेळी कळू शकणारी गोष्ट कळली नाही; गुन्ह्यात हेतू असावा लागतो; आणि ज्यात ना हेतू होता ना दुसरा मार्ग, त्याला काय म्हणायचे? वहीत तीन रकाने आखून मी त्या रात्रीचा हिशेब मांडला: पाणी कोठवर होते, पाठीवर किती वजन होते, हात किती मोकळे होते, विळा कोठे असायला हवा होता आणि तो तेथे नसल्याचे मला केव्हा कळले. गणिताच्या शिक्षकाला हे फार आधी सुचायला हवे होते. सहाव्या भेटीत आप्पांचे वजन लिहिताना मला रडू फुटले, कारण तोवर त्या रात्रीच्या माझ्या हकिगतीत आप्पा जवळजवळ नव्हतेच. मी त्यांना वाचवले होते आणि मीही बुडता बुडता वाचलो होतो, पण हे दोन्ही मी बाजूला ठेवून केवळ म्हैस धरून बसलो होतो. मरणाचे भय माझ्या वाट्याला आलेच नाही अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्रास वाढला होता, हेही सांगितले पाहिजे. स्वप्ने अधिक पडू लागली आणि एक भेट मी तापाचे निमित्त करून चुकवली. बाईंनी फोन करून विचारले की ताप किती आहे, आणि मी गप्प झालो. टाळणे हेच या दुखण्याचे खाद्य आहे, असे त्या म्हणत असत.

हाच एक मार्ग आहे असे नाही. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी एक पद्धत आहे, जिचा उगम फ्रान्सिन शापिरो यांना 1987 मध्ये फिरायला गेल्या असताना सुचलेल्या निरीक्षणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात तिची आणि आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचाराची शिफारस केली. एडना फोआ यांच्या पद्धतीत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावा लागतो आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीने जावे लागते. तिच्याही भेटी साधारण आठ ते पंधरा असतात. ज्यांचे आघात बालपणापासून वर्षानुवर्षे चालत आले, किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत, त्यांना मात्र आधी सावरण्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि तेथे बाराचा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. माझा प्रसंग एका रात्रीचा होता, ही माझी सोय होती.

बाराव्या भेटीला पहिला गृहपाठ नव्याने लिहायचा असतो. या वेळी दीड पान झाले. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला दिले, आणि पहिल्या चार पानांत ‘आप्पा’ हा शब्द एकदाच आला असल्याचे मी स्वतः मोजून त्यांना दाखवले. त्या जुलैत पूल ओलांडून मी गावी गेलो. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की जाग आजही येते. उठून पाणी पितो, खिडकीतून रस्ता कोरडा आहे की ओला ते पाहतो, आणि पुन्हा आडवा होतो. भावाने नवी म्हैस घेतली आहे. तिचे दावे सुरगाठीने बांधले आहे की नाही, हे मी गेलो की पाहतो, आणि गोठ्याच्या आढ्याला खोचलेला विळाही.