तुम्ही स्वतः किती घरं फिरलात?

व्याख्यान संपलं, आभार झाले, की चहाच्या आधी एक हात वर होतोच. ‘मॅडम, गरिबीवर एवढं बोललात, पण तुम्ही स्वतः किती गरिबांच्या घरी गेलात? की नुसते सरकारी आकडे?’ विचारणारे बहुतेक निवृत्त गृहस्थ असतात आणि बाईंना बरोबर पकडलं याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर लपत नाही. मी आजवर काहीतरी गुळमुळीत बोलून चहाच्या कपाकडे वळत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

गेले आहे. फार नाही, शंभर-सव्वाशे घरं असतील. नव्वदच्या दशकात एका पाहणीसाठी मराठवाड्यातल्या तीन गावांत आम्ही चौघं प्रश्नावल्या घेऊन फिरलो. एकेका घरात दोन-दोन तास. ज्वारी किती, तेल किती, मुकादमाकडून उचल किती घेतली, ती फिटली का. एका आजींनी मला मध्येच थांबवलं. ‘पावसाळ्याआधी एक पोरगा आलता, त्यानं बी हेच इचारलं. समदं लिहून नेलंय की त्यानं. त्याच्याकडनं घे ना, बाई. मला धार काढायची हाय.’

तेव्हा आम्ही हसलो. पुण्याला परतल्यावर मात्र मी त्या पोराचा माग काढला. तो पीएचडी करत होता आणि त्याच्या मार्गदर्शकांनी मला उभ्याउभ्याच वाटेला लावलं: ‘डेटा आमचा आहे.’ आजींची ज्वारी, आजींचं कर्ज, आजींचे दोन तास. आणि डेटा यांचा!

अर्थात आम्हीही काही वेगळे निघालो नाही. अहवाल छापून झाला, आणि पुढे कधीतरी जागा हवी म्हणून प्रश्नावल्यांचे गठ्ठे रद्दीत गेले. एक सीडी उरली. बऱ्याच वर्षांनी ती उघडली तर त्यात नुसते रकाने: कामाचा प्रकार ७, कर्जाचं कारण ४, शिक्षण ९. सात म्हणजे काय, चार म्हणजे काय, हे ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद गठ्ठ्यांबरोबरच गेला. नऊ म्हणजे नववी पास की ‘उत्तर दिलं नाही’, हे आजही मला सांगता येणार नाही. तेवढी घरं फिरले, पण त्या फिरण्याचा आज मलाही उपयोग नाही.

आता ‘नुसते सरकारी आकडे’ याबद्दल. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी माणशी रोज २,२५० कॅलरी परवडण्याइतका खर्च ही रेषा धरून गरिबी मोजली. १९६०-६१ मध्ये खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते. देश हादरला. हे काम झालं पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे निवडक घरांना खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीच्या, तक्त्यांवर. त्या आकड्यांसाठी दोघांपैकी कुणी घरोघर फिरलं नव्हतं. त्याच्याही आधी, पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव पालथं घातलं. (हो, तेच. आज तिथे वीस-वीस मजली सोसायट्या आहेत.) सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असं त्यांनी दाखवलं. यातलं ७ एकर त्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं. १७७१ मात्र कुणीतरी जपून ठेवलेल्या जुन्या कागदांतलं. सारावसुलीसाठी लिहिलेल्या कागदाला आपण पुढे गरिबीचा पुरावा होणार आहोत, हे काय माहीत!

म्हणून माझं उत्तर असं: दुसऱ्यांनी गोळा केलेले आकडे वापरते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मी फिरलेल्या घरांबद्दल तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. नमुना पाहणीची घराघराची माहिती मात्र नावं काढून संकेतस्थळावर ठेवलेली असते. नोंदणी केली की फुकट. मी सांगितलेलं खोटं वाटलं, तर उतरवून घ्या आणि मला खोडून काढा.

खोडणं सोपं आहे असं नाही. एका कुटुंबाच्या ओळीत नुसता आकड्यांचा गोफ. कुठला आकडा कुठे सुरू होतो हे वेगळ्या तक्त्यात. त्यात प्रत्येक कुटुंबाला एक मल्टिप्लायर, म्हणजे हे एक घर अशा किती घरांच्या वतीने बोलतंय त्याचा आकडा. पाहणीच्या जुन्या फेऱ्यांत तर ठरावीक दोन रकान्यांतले आकडे सारखे असले तर मल्टिप्लायरला १०० ने भागायचं, नाही तर २०० ने. पहिल्यांदा मी सगळ्यांना सरसकट १०० ने भागलं. महाराष्ट्राची लोकसंख्या एका दुपारीत भलतीच फुगली. लोकसंख्या होती म्हणून लक्षात तरी आलं. सरासरी काढून थांबले असते तर सुखाने चूक छापली असती.

आणि खोडण्याने काय होतं, याचं उदाहरण याच नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीचं. १९९३-९४ मध्ये गरिबी ३६ टक्के होती, ती या पाहणीत २६ टक्क्यांवर आली. दहा टक्के! उदारीकरणाचे समर्थक खूश, विरोधकांचा विश्वास बसेना. गोम प्रश्नावलीत होती. गेल्या तीस दिवसांत तेल किती लागलं असं विचारलं, तर माणूस अंदाज सांगतो आणि काही विसरतो. सात दिवसांचं विचारलं तर बरंच आठवतं, महिन्याचा हिशेब फुगतो आणि गरिबी कमी दिसते. या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घरात, शेजारशेजारच्या रकान्यांत. सांगणारा आणि लिहिणारा, दोघंही नकळत एका उत्तराचा मेळ दुसऱ्याशी घालणार. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईने हे आधीच सांगितलं असतं. पण समितीत तशी बाई असावी लागते.

घराघराची माहिती उपलब्ध होती, म्हणून या भांडणातून काही हाती लागलं. जळण आणि इतर काही बाबींचे प्रश्न बदललेच नव्हते. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी (ज्यांना पुढे २०१५ चं नोबेल मिळालं) तेवढाच खर्च धरून, त्यावरून गरिबी किती असेल असा उलटा हिशेब मांडला. दुसऱ्यांनी दुसऱ्या वाटा काढल्या. सगळ्यांचं एकमत झालं नाही, पण भांडण एकाच कागदावर चालू होतं.

याउलट २०१७-१८ ची पाहणी. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने तिचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. कारण दिलं आकड्यांच्या दर्जाचं. दर्जा खरंच वाईट असेल. पण कच्ची माहितीच बाहेर आली नाही, मग ते तपासणार कोण? दाराशी बसून लोकांनी दिलेली तासन्‌तासांची उत्तरं कुलपात पडली. त्यानंतरची पाहणी थेट २०२२-२३ ची, २,६१,७४६ कुटुंबांची, आणि तिची पद्धत बदललेली: एकाच घरी तीन भेटी, प्रत्येक भेटीला वेगळे प्रश्न. २०११-१२ शी तिची तुलना करून गरिबी किंवा विषमता अमुक इतकी घटली, असं कुणी ठणकावून सांगू लागलं की मी चष्मा पुसायला घेते.

विषमतेचं दुखणं तर अजून निराळं. गरिबाच्या दाराला कडी नसते. श्रीमंताच्या सोसायटीत वॉचमनच माहिती घ्यायला आलेल्या इन्व्हेस्टिगेटरला गेटवरून परत पाठवतो. म्हणून या नव्या पाहणीत शहरांमध्ये दहा लाखांपेक्षा महागडी गाडी असलेल्या घरांचा वेगळा गट केला, निदान काही तरी हाती लागावीत म्हणून. तरी मिळतो तो त्यांचा खर्च. मालमत्ता कोण सांगतंय?

‘पण मॅडम, लोकांची खासगी माहिती अशी वाटायची?’ हा पुढचा प्रश्न, आणि हा मला जास्त आवडतो. नावं काढली म्हणजे झालं, असं नाही. गावाचं नाव ठेवलं आणि ‘विधवा, चार मुली, शिवणकाम’ एवढं लिहिलं, की गावातलं शेंबडं पोरही घर दाखवेल. म्हणून गाव झाकायचं, कधी वयाचे गट करायचे, अगदी एकट्या पडणाऱ्या घराचा एखादा रकाना कोराच ठेवायचा. यात अभ्यासाचं थोडं नुकसान होतं. होऊ द्यावं.

माझ्या शेवटच्या पाहणीची फाइल कुणीही मागावी, देते. सोबत अकरा पानांची टीप असते: कुठला कोड म्हणजे काय, कुठला प्रश्न लोकांना कळलाच नाही, कुठल्या वाडीत पाऊस असल्याने आम्ही घाईत उरकलं. मजुरीच्या रकान्यात पहिल्या चाळीस घरांपुरती आमची गफलत झाली आहे, रोजाची आणि आठवड्याची मजुरी मिसळली गेली. ती मी सुधारलेली नाही, कारण आता ती अंदाजानेच सुधारावी लागेल. तिसऱ्या पानावर लिहून ठेवली आहे.