बिनआट्यांच्या लेन्सवर फिल्टर : वॉशर, तवा आणि मखमल

फिल्टर बसवायला गेल्या खेपेला कॅमेऱ्याच्या लेन्सवर डबल टेपने लावलेली रिंग पावसाळ्यापर्यंतही टिकली नाही. मे महिना, कॅमेरा खिशात, खिसा घामात आणि मी विरार लोकलमध्ये. दादरला उतरून पाहतो तर रिंग वेगळी, कॅमेरा वेगळा. फिल्टर घरी होता म्हणून वाचला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : कॅमेरा सोनी आरएक्स १००, २०१२ चं पहिलं मॉडेल. लेन्सच्या तोंडाला आटेच नाहीत. कॅमेरा बंद केला की लेन्स आत जाते आणि झडपा मिटतात, त्यामुळे काही चिकटवायचं तर बाहेरच्या अरुंद कडेवरच. कंपनीची चिकटवायची ४९ मि.मी.ची रिंग आहे, पण ती घेतली असती तर खटपट कसली करणार?

मला हवाय एनडी ६४, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारा काळपट फिल्टर. त्याने फोटो काही सेकंद घेता येतो आणि लाटा धुक्यासारख्या दिसतात. उजेड कमी करायला नुसतं लेन्सचं छिद्र लहान करून भागत नाही. एफ/११ च्या पुढे (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) हा कॅमेरा जात नाही, आणि १ इंची सेन्सरवर त्याच्या आधीच चित्र मऊ पडायला लागतं. कॅमेऱ्याच्या आतच बसवलेला एनडी तिसऱ्या मॉडेलमध्ये आला.

तर यंदा चुंबक. कॅमेऱ्यावर लोखंडी वॉशर, स्टेप-अप रिंगच्या (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवायची आट्यांची रिंग) पाठीला चुंबकाच्या टिकल्या. नागदेवी स्ट्रीटवर दुकानदार म्हणाला, "साहेब, एसएस घ्या, गंजायचं नाव नाही." घेतला. घरी येऊन चुंबक लावला तर ढिम्म! ३०४ जातीच्या स्टेनलेसला (तेच ते एसएस) चुंबक जवळजवळ धरतच नाही, हे शाळेत नाही तरी वर्कशॉपमध्ये कधीतरी ऐकलेलं होतं. दुसरा हेलपाटा घालून साधा लोखंडी आणला आणि खाऱ्या हवेच्या धास्तीने त्याला काळ्या रंगाचे दोन हात दिले.

टिकल्या सहा, ३ मि.मी.च्या. एक चिकटवावी तर शेजारची उडी मारून तिच्या गळ्यात पडायची. तासभर हे चाललं. शेवटी आईचा बिडाचा तवा पालथा घातला आणि रिंग त्यावर ठेवली. रिंगच्या अॅल्युमिनियमच्या आरपार तव्याने एकेक टिकली जागच्या जागी ओढून धरली. आई म्हणाली, "गोंद लागला तव्याला तर उद्या भाकरी तूच कर." नाही लागला.

वॉशर चिकटवताना इन्स्टंट ग्लू वापरू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. मी दोन नळ्यांचं अॅराल्डाइट घेतलं, टाचणीच्या टोकाने चार ठिपके. वॉशर मधोमध बसवायला सारख्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कडेभोवती खोचल्या आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी कॅमेरा दहादा चालू-बंद केला, झडपा बिनबोभाट.

पहिल्या चाचणीत फोटोच्या मधोमध फिकट डाग. टिकल्यांच्या जाडीमुळे रिंग आणि वॉशर यांच्यामध्ये फट राहते. मागून येणारा उजेड तिथून शिरतो आणि फिल्टरच्या पाठीवरून थेट लेन्समध्ये. मंगलदास मार्केटमधून आणलेल्या काळ्या मखमलीची पट्टी कापून फटीत गोल बसवली. डाग गेला.

वजनाची धाकधूक होती, कारण झूमची मोटर इवलीशी. म्हणून कॅमेरा चालू करून, हवं तेवढं झूम करून मगच फिल्टर लावायचा, आणि बंद करण्याआधी काढायचा. आपोआप बंद होण्याची वेळही सर्वात लांब ठेवा. मी विसरलो, आणि फिल्टरसकट लेन्स आत निघाली तेव्हा माझाच श्वास आत गेला.

रविवारी संध्याकाळी भरतीला दादर चौपाटी. ढगाळ, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२५, एफ/५.६ ला फिल्टरशिवाय १/१५ सेकंद येत होतं. फिल्टर लावून ४ सेकंद. खडकांवरचं पाणी दुधासारखं आलं. कोपरे २८ मि.मी.ला, म्हणजे झूम न करता, काळे पडतात, थोडं झूम केलं की जातात. पातळ कडेचा फिल्टर कुणाकडे पडून असेल तर सांगा, एका रविवारपुरता उसना हवाय.